दांडी, तार आणि मोटारीचा कासरा

बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात दोन वस्तू असतात. एक चाबूक आणि दुसरा कासरा. चाबूक दिसतो, त्याचा आवाज होतो, म्हणून चित्रकार गाडीवानाच्या हातात नेहमी चाबूक काढतात. पण मुखेड, कंधार, उदगीर या भागातल्या कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल, गाडी चालते ती कासऱ्यावर. लाल कंधारी बैल असो की देवणी, त्याच्या वेसणीपासून निघालेला तो दोर गाडीवानाच्या मुठीत आलेला असतो, आणि मुठीतली नुसती हालचालसुद्धा जनावराला कळते.

या कासऱ्याचा एक गुण आहे. तो ओढता येतो. ढकलता येत नाही. वाचकहो, ही साधी गोष्ट मनात धरून ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे. कारण आज मला सांगायचे आहे ते मोटारीच्या कासऱ्याविषयी. ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली जो पायडल असतो, ज्याला पुस्तकात ॲक्सिलरेटर आणि रस्त्यावर एक्सलेटर म्हणतात, तो इंजिनाशी कशाने जोडलेला असतो? जुन्या ट्रकांत, पिकअप गाड्यांत आणि जीपमध्ये तो लोखंडी दांड्यांनी जोडलेला असे. पुढे पुष्कळ ठिकाणी त्या दांड्या काढून त्यांच्या जागी तार बसवली गेली. बदल हातभर लांबीचा. पण त्याच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम मुलूख पाहू. मुखेड हे नांदेडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले तालुक्याचे गाव. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली, ती नांदेडवरून गेली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली. विकाराबाद–परळी मार्गाने उदगीरला स्टेशन दिले. मुखेड मात्र या सगळ्या रुळांच्या मधल्या पोकळीत राहिले. जिथे आगगाडी नाही तिथे बैल, आणि बैलानंतर मोटार. त्यामुळे असल्या गावात चालू मोटार ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. आडत दुकानाचा माल, बाजारचे गिऱ्हाईक, अडलेली बाळंतीण आणि माळेगावच्या जत्रेचे यात्रेकरू, सगळ्यांची भिस्त तिच्यावर.

त्या वेळी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ च्या जून महिन्यात २७ बसगाड्यांनिशी स्वतःची मोटारवाहतूक सुरू केली. सरकारने स्वतः बस चालवण्याचा हा देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. तिकडे मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये कारखाना घातला होता. अमेरिकेहून सुटे भाग पेट्यांतून येत आणि शिवडीत त्यांचे शेवरोलेट ट्रक उभे राहत. पण मुंबईचा माल संस्थानात आणायचा म्हणजे सरहद्दीवर करोडगिरीचा नाका आडवा. जकात भरा, पावती घ्या, मग पुढे चला. मोटारीच्या एका लहानशा भागालासुद्धा हे चुकत नसे. मराठवाड्यातला मोटार मिस्त्री जो भाग मोडला तो बदलण्याऐवजी घडवायला शिकला, त्याचे एक कारण या नाक्यात आहे.

आता त्या शेवरोलेटच्या पायडलकडे वळू. अगदी पहिल्या मोटारींत पायाने वेग वाढवण्याची सोय सर्रास नव्हती. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी मोटार १९०८ मध्ये निघाली. तिला खाली तीन पायडल होते, पण त्यातला एकही एक्सलेटर नव्हता. इंजिनाचा वेग स्टिअरिंगजवळच्या एका लहान दांडीने हातानेच कमीजास्त करायचा. पुढे हे काम पायाकडे आले आणि हात मोकळे झाले. पायडल दाबला की त्याला जोडलेली सळई पुढे सरकते. ड्रायव्हर आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती पलीकडे जाते, तिथे एका काटकोनी तुकड्याला फिरवते, त्या तुकड्यातून दुसरी सळई निघते, आणि ती कार्बोरेटरच्या तोंडातली चकतीसारखी झडप उघडते. झडप जितकी उघडी, तितके हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत, तितके इंजिन जोरात. आपले ड्रायव्हर याला ‘रेस देणे’ म्हणतात.

ही दांड्यांची रचना वाईट होती असे कोणी समजू नये. सळई सहसा तुटत नाही, गंजली तरी काम देते, वाकली तर हातोडीने सरळ होते, आणि हरवली तर गावातला लोहारसुद्धा दुसरी करून देतो. करोडगिरीच्या काळात हा केवढा आधार! मग तिच्यात दोष काय?

दोष दोन. पहिला झिजेचा. दांडीला जितके सांधे, तितकी झीज. प्रत्येक सांध्यात खिळ्याचे भोक केसभर मोठे होते, आणि चार सांध्यांचे चार केस मिळून पायाखाली बोटभर झोल येतो. पायडल थोडा खाली जातो तरी इंजिनाला त्याचा पत्ता नसतो. मग एकदम पत्ता लागतो आणि गाडी उसळी घेते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. इंजिन चालताना थरथरते; रेस दिली की ते एका कुशीवर थोडे कलते. हा हादरा माणसांना बसू नये म्हणून इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवण्याची पद्धत आली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये आपल्या प्लिमथ मोटारीत ती मोठ्या डौलाने आणली आणि पुढे ती सर्वत्र झाली. बसणाऱ्याला सुख झाले, पण दांडीची पंचाईत झाली. दांडीचे एक टोक बॉडीला आणि दुसरे इंजिनाला. इंजिन रबरावर डुलू लागले की दोन टोकांमधले अंतर बदलणार; आणि दांडी तर ताठ! तिच्या लेखी अंतर बदलले म्हणजे कोणीतरी पायडल दाबला. ती इमानेइतबारे झडप उघडते. वर्कशॉपात याची तक्रार साधारण अशी चाले:

“उस्ताद, खड्ड्यात चाक गेलं की रेस आपोआप वाढायलीय.”

“पाय थरथरत असंल तुझा.”

“पाय ठीक हाय वो, गाडीच थरथरायलीय.”

दोघेही खोटे बोलत नव्हते. गाडी थरथरते म्हणून पाय थरथरतो, पाय थरथरला की रेस बदलते, आणि रेस बदलली की गाडी आणखी थरथरते. मुखेड भागातल्या त्या काळच्या कच्च्या सडकेवर हे चक्र कसे फिरत असेल, याची कल्पना करून पाहा.

यावरचा उपाय मात्र या तक्रारीच्या पुष्कळ आधीच जगात आला होता. १८९६ मध्ये अर्नेस्ट माँनिंग्टन बाऊडन या गृहस्थाने एका तारेचे पेटंट इंग्लंडात घेतले. बारीक तारांची वळलेली एक दोरी, आणि तिच्यावर स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या तारेची पोकळ नळी. आतली तार ओढायची, बाहेरची नळी जागेवर धरायची. आपण सगळ्यांनी ही तार पाहिली आहे. सायकलच्या ब्रेकला ती असते. जुन्या काळ्या सायकलींना दांड्यांचा ब्रेक असे, नव्या सायकलींना वायरचा आला. सायकलवर जे घडले तेच मोटारीवर घडले, एवढे म्हटले तरी निम्मी गोष्ट सांगून झाली.

या तारेची खुबी कुठे आहे ते नीट पाहू, कारण तिथेच पुष्कळजण चुकतात. खुबी आतल्या तारेपेक्षा बाहेरच्या नळीत आहे. नळीचे एक टोक बॉडीच्या पत्र्यावर पक्के बसवायचे आणि दुसरे इंजिनावर, कार्बोरेटरशेजारी. आता इंजिन डोलले तर नळी वाकेल किंवा सरळ होईल. पण नळीची लांबी बदलत नाही, आणि आतल्या तारेचीही बदलत नाही. म्हणून पायाने जेवढी तार ओढली तेवढीच झडप उघडते. इंजिनाच्या डुलण्याचा हिशोब त्यात शिरत नाही. गाडीवान गाडीत हेलकावे खातो, बैल खाली मान हलवतो, तरी सैल हाताच्या गाडीवानाचा कासरा बैलाला उगाच हिसका देत नाही. तसेच हे.

तार ही त्या जुन्या गाड्यांनाही अगदी परकी नव्हती. थंडीत इंजिन सुरू करताना ओढायचा चोक तारेवरच चाले. लढाईतल्या विलीज जीपला समोरच्या पाटीवर हाताने रेस ठेवण्याची एक खुंटी होती, तीही तारेवर. म्हणजे घरात सून होतीच. फक्त तिच्याकडे स्वयंपाकघर सोपवलेले नव्हते.

मग ते सोपवले कधी आणि का? इथे आपल्या देशाचा इतिहास आडवा येतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या चढल्या. अमेरिकन लोक पेट्रोलला बोलताना ‘गॅस’ म्हणतात आणि एक्सलेटरला गॅसचा पायडल. आपल्याकडे मात्र त्या काळात मोटारी खरोखरच गॅसवर, कोळशाच्या धुरकट गॅसवर चालल्या. त्यात इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद जाई आणि चढावर माणसे उतरून ढकलत. हवा आणि गॅस यांचे प्रमाण ड्रायव्हरला बसल्या जागेवरून सांभाळावे लागे, आणि त्यासाठी त्याच्या हाताशी आणखी एक नियंत्रण येई. कारखान्याने दिलेल्या गाडीत आपल्या गरजेपुरता बदल करता येतो, हा धडा मिस्त्री लोकांनी त्या भट्ट्यांवर गिरवला.

युद्ध संपले. लष्कराच्या उरलेल्या जीप आणि ट्रक लिलावात निघाले. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द तेव्हापासूनचा. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे करोडगिरीचे नाकेही गेले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. रस्ता मोकळा झाला. पण नेमक्या त्याच सुमारास दुसरे दार लागले. देशात मोटारीचे भाग बनवण्याची तयारी असेल त्याच कारखान्याने इथे राहावे, असे धोरण भारत सरकारने १९५३ मध्ये ठरवले. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला, आणि शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. देशाच्या दृष्टीने धोरण योग्यच होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक होऊ लागले होते, महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला घेतली होती, आणि १९५४ मध्येच टाटांनी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी करार करून डिझेल ट्रक काढले. पण ज्याच्या दारात १९४८ ची शेवरोलेट उभी होती त्याने काय करावे? गाडी धडधाकट, आणि तिच्या कंपनीचा कारखाना मात्र देशातून उठून गेलेला!

उत्तर मिळाले डिझेलमध्ये. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त, आणि त्याच्यावरचे इंजिन ओझ्याला चिवट. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्स जातीची डिझेल इंजिने देशात बनवायला घेतली. मग जुन्या पेट्रोल गाड्यांची इंजिने उतरवून डिझेलची चढवण्याचा उद्योग सुरू झाला. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोलचे भाव भडकले, आणि या उद्योगाला आणखी जोर चढला. जीप आणि पिकअप गाड्यांच्या बाबतीत हे इतके झाले की पेट्रोलवरची जुनी जीप दिसणे हीच नवलाई ठरू लागली.

आणि इथेच दांडीचा पराभव झाला. पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर जिथे असतो तिथे डिझेल इंजिनात काहीच नसते. डिझेलची रेस ठरते ती इंजिनाच्या कुशीला बसलेल्या पंपाच्या लीव्हरवर. जुनी दांडी पुढे येऊन पाहते तो पाहुणा घर बदलून गेलेला! शिवाय डिझेल इंजिन मंद चालीवर पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हादरते. चार नवे सांधे घालून दांडी वळवून नेता आली असती, पण ते सांधे झिजायचे आणि थरथर तशीच राहायची. तार मात्र वळणे घेत कुठेही जाते. म्हणून मिस्त्रीने सायकलच्या, फटफटीच्या नाहीतर दुसऱ्या गाडीच्या तारेकडे हात नेला.

हे काम चांगले आणि वाईट, दोन्ही तऱ्हांनी करता येते. चांगला मिस्त्री आधी मोजतो. पायडल पूर्ण दाबला असता तार किती सरकते, आणि झडप किंवा लीव्हर पूर्ण उघडायला किती सरकावी लागते? दोन्ही मापे जुळली पाहिजेत. नाही जुळली तर पायडलच्या हाताला वर किंवा खाली दुसरे भोक पाडायचे. पायडल जमिनीवरच्या आडव्या बोल्टवर टेकून थांबला पाहिजे, तारेवर लटकून नव्हे. नाहीतर ड्रायव्हरच्या पायाचा सगळा भार तारेवर येतो आणि ती गोंडा सुटल्यासारखी उसवते. नळीचे वळण मोठे ठेवायचे, कोपरा करायचा नाही. धुराच्या तापलेल्या नळापासून ती दूर न्यायची. पत्र्याच्या भोकात रबराची चकती बसवायची, म्हणजे पत्रा नळीला कापत नाही. आणि नळीचे दुसरे टोक इंजिनावरच धरायचे. ते बॉडीला बांधले तर तार लावूनही दांडीचा रोग कायम राहतो, आणि लोक म्हणतात तारेत काही अर्थ नाही.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा. कासरा ओढता येतो, ढकलता येत नाही. पाय उचलला की दांडी स्वतः मागे ढकलली जाऊ शकते. तारेला ते जमत नाही. तिला मागे नेते ती स्प्रिंग. म्हणून तारेच्या गाडीत स्प्रिंग हाच खरा ब्रेक समजावा. जाणता मिस्त्री एकीवर विसंबत नाही. एक इंजिनाकडे लीव्हरवर, दुसरी पायडलवर, अशा दोन लावतो. तार तुटली तर भीती नाही; स्प्रिंग झडप मिटते, इंजिन मंद होते आणि गाडी उभी राहते. भीती आहे ती तार अडकण्याची. नळीत पावसाळ्याचे पाणी, उन्हाळ्याचा फुफाटा, आणि तेलाचा थेंब नाही. मग उघडलेली झडप उघडीच राहते. मागे हौद्यात बाजाराला निघालेली वीस माणसे, पुढे घाटाचे वळण, आणि पाय उचलूनही रेस उतरत नाही. पेट्रोलची गाडी असेल तर किल्ली फिरवली की इंजिन बंद. पण जुने डिझेल इंजिन किल्लीने थांबत नाही, त्याला ‘स्टॉप’ची वेगळी खुंटी ओढावी लागते. अशा वेळी क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी, ब्रेक लावावा आणि ती खुंटी ओढावी. हे आधी माहीत असलेले बरे; वळणावर शिकायला वेळ नसतो. बाईंडिंग वायरने बांधलेली तार आणि एकच ढिली स्प्रिंग यांवर चालणारी गाडी स्वस्त पडली असे ज्याला वाटते, त्याने त्या वीस माणसांचा हिशोब केलेला नसतो.

हल्ली जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोक वाढले आहेत आणि त्यांच्यात एक वाद चालतो. दांडी काढून तार बसवली तर गाडी ‘अस्सल’ राहिली का? मला वाटते, दोघांचेही थोडे ऐकावे. तार बसवावी, पण जुन्या दांड्या, तो काटकोनी तुकडा, ते खिळे कापडात गुंडाळून जपावेत आणि नवी भोके शक्य तो पाडू नयेत, म्हणजे उद्या कोणाला पुन्हा दांडी लावावीशी वाटली तर लावता येईल. इंजिनच बदलले असेल तर नोंदणी कार्यालयात त्याची रीतसर नोंद करावी. आणि एक लक्षात घ्यावे. मराठवाड्यात पन्नास वर्षे चाललेल्या पिकअप गाडीचा अस्सल इतिहास कारखान्याच्या पुस्तकात अर्धाच आहे. उरलेला अर्धा तिच्यावर केलेल्या दुरुस्त्यांत आहे. ज्याने ती तार बसवली त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही. त्याची सही म्हणजे ती तार.

आता तारेचाही काळ सरत आला आहे. १९८० नंतर काही परदेशी मोटारींत पायडल आणि इंजिन यांच्यामध्ये तारच उरली नाही. पाय किती दाबला हे विजेच्या संदेशाने कळू लागले. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलपासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि नव्या मोटारींत आता हीच विजेची रीत आहे. दांडी गेली तेव्हा जुने ड्रायव्हर म्हणाले असतील, तारेचा काय भरवसा? उद्या कोणी तारेसाठीही हळहळेल.

मुखेडच्या एसटी आगारातून आज गाड्या सुटतात, बाजारच्या दिवशी पिकअप गाड्या भरून येतात, आणि एखाद्या वळणावर अजून एखादी बैलगाडी आडवी येते. ड्रायव्हर रेस उतरवतो, गाडीवान कासरा आवळतो. एकाच्या पायाखाली आणि एकाच्या मुठीत, काम तेच चाललेले असते. पुढे जाणाऱ्या ताकदीला आवरून धरायचे, आणि आवरणारा धागा कच्चा ठेवायचा नाही.